बॅटरी स्वस्त होते आहे. आपला पैसा कुठे ठेवायचा?



"आता जमाना बॅटरीचा आहे. आज ज्याने बॅटरीच्या कंपनीत पैसा घातला, तो दहा वर्षांनी बसून खाईल," असे बोलणे हल्ली रिक्षा स्टँडवर, कारखान्याच्या गेटवर आणि विहाराच्या ओट्यावरही ऐकू येते. बोलणारे अगदीच खोटे बोलत नसतात. रस्त्यावर विजेच्या रिक्षा धावतात, घरपोच सामान देणारी पोरे विजेच्या स्कूटरवर फिरतात, गावाकडे घरांच्या छपरांवर सौरपट्ट्या चढल्या आहेत. या साऱ्या बदलात बॅटरीची गरज वाढते आहे. मग तिच्या धंद्यात आपणही चार पैसे का लावू नयेत, हा प्रश्न साहजिक आहे.

पण हा प्रश्न विचारणारी माणसे कोण आहेत तेही पाहिले पाहिजे. कोणी महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेला, कोणी रेल्वेतून, कोणी एसटीतून. पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम नुकतीच बँकेत जमा झालेली. ती रक्कम म्हणजे तीस-पस्तीस वर्षांचा घाम आहे. त्याच रकमेतून मुलीचे शिक्षण व्हायचे आहे, घरावरचे पत्रे बदलायचे आहेत आणि म्हातारपणाची औषधे आणायची आहेत. श्रीमंताचे एक लाख बुडाले तर त्याची एक सहल हुकते. आपले एक लाख बुडाले तर पोराचे कॉलेज सुटते. म्हणून या वेळच्या लेखात बॅटरीच्या धंद्याचा आणि आपल्या पैशाचा हिशेब सावकाश मांडू.

बाजाराला भिण्याचे कारण नाही

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शेअर बाजार हे आपले काम नाही, तिथे शेठ-सावकारांनीच जावे, असे मी म्हणणार नाही. परमपूज्य बाबासाहेब १९१७ साली परदेशातून परतले. बडोद्याची नोकरी जातीच्या छळामुळे सोडून त्यांना मुंबईला यावे लागले. त्या ओढग्रस्तीच्या दिवसांत त्यांनी शेअरच्या गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून आलेला हा माणूस. त्याच्यापेक्षा जाणता सल्लागार मुंबईत कोण मिळणार होता? पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले आणि तो व्यवसाय बंद पडला. बाजाराचे दार आपल्याला बंद होते ते अकलेच्या अभावी नव्हे, जातीमुळे.

आज डिमॅट खाते उघडताना कोणी जात विचारत नाही. पण दार उघडे आहे म्हणून अंधारात पाऊल टाकावे असा त्याचा अर्थ नाही. आत शिरायचे ते बाबासाहेबांसारखे अभ्यास करून.

आणि वीज हा विषय तर बाबासाहेबांच्या जिव्हाळ्याचा. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा वीज आणि पाटबंधाऱ्यांची धोरणेही त्यांच्याच हाताखाली आखली गेली. देशाचे दारिद्र्य हटवायचे तर कारखानदारी वाढली पाहिजे, आणि कारखानदारी वाढायची तर वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. ती वीज साठवायची कशी, हा त्याच प्रश्नाचा आजचा पुढचा भाग आहे.

साठवण म्हणजे काय

विजेची मोठी अडचण अशी, की ती तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. सूर्य दुपारी तळपतो, पण घरोघरी दिवे, पंखे आणि टीव्ही लागतात ते संध्याकाळी. दुपारची वीज संध्याकाळसाठी राखून ठेवायची तर काहीतरी कोठार हवे. आपल्या आज्या सुगीत आलेले धान्य कणगीत भरून ठेवायच्या, तसेच हे आहे.

हे कोठार अनेक प्रकारचे असते. महाराष्ट्रात घाटघरला सह्याद्रीच्या माथ्यावर एक धरण आहे आणि खाली शहापूर तालुक्यात दुसरे. विजेला मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवतात. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॅट वीज करतात. २००८ पासून हे केंद्र चालू आहे. म्हणजे पाण्याचाही बॅटरीसारखा उपयोग होतो.

दुसरे कोठार म्हणजे आपल्या ओळखीची ॲसिडची बॅटरी. ती १८५९ साली फ्रान्समध्ये गॅस्तों प्लांते याने शोधली. घरचा इन्व्हर्टर आणि जुन्या पद्धतीची ई-रिक्षा आजही तिच्यावरच चालते. तिसरी लिथियमची बॅटरी. १९९१ साली सोनी कंपनीने ती बाजारात आणली आणि ती शक्य करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मोबाइल आणि विजेच्या बहुतेक नव्या गाड्या याच बॅटरीवर चालतात. चौथी नव्याने येणारी सोडियमची बॅटरी. सोडियम म्हणजे मिठातला घटक. तो मुबलक आहे, म्हणून ही बॅटरी पुढे स्वस्त पडेल अशी आशा आहे. पुण्याच्या केपीआयटी या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये आपले सोडियम बॅटरीचे तंत्र जाहीर केले.

या सगळ्यांची गरज वाढणार, यात शंका नाही. इथपर्यंत रिक्षा स्टँडवरचे बोलणे बरोबर आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर.

वस्तू चांगली, म्हणून शेअर चांगला?

वस्तू चांगली असणे, ती बनवणाऱ्या कंपनीला नफा होणे, आणि त्या कंपनीच्या शेअरमध्ये आपल्याला फायदा होणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली खरी असली तरी दुसरी आणि तिसरी खोटी ठरू शकते.

कारण साधे आहे. २०१० च्या सुमारास एक युनिट वीज साठवणाऱ्या लिथियम बॅटरीला हजार डॉलरहून जास्त पडत. २०२४ मध्ये तोच सरासरी भाव ११५ डॉलरवर आला आणि २०२५ मध्ये १०८ वर. विकत घेणाऱ्याला याहून आनंदाची गोष्ट नाही. पण विकणाऱ्याच्या बाजूने पाहा. तुम्ही दहा रुपयांना वडापाव विकत आहात आणि समोर नवी गाडी लावून कोणी सहा रुपयांना विकू लागला, पुढच्या वर्षी तिसरा चार रुपयांना. तर गिऱ्हाईक खूष, पण तुमच्या गल्ल्यात काय उरेल? बॅटरीच्या धंद्यात हेच चालले आहे. वस्तू स्वस्त होते त्याचा मोठा लाभ वापरणाऱ्याला मिळतो. बनवणाऱ्याला मिळेलच असे नाही.

आपल्या देशातही हेच दिसले. केंद्र सरकारच्या सौर महामंडळाने २०२२ मध्ये मोठ्या बॅटरी केंद्रासाठी निविदा काढली, तेव्हा दर मेगावॅटला दरमहा सुमारे १० लाख ८४ हजार रुपये असा भाव निघाला. सरकारी मदतीचा आधार धरून का होईना, २०२५ पर्यंत अडीच लाखांच्याही खालच्या बोली आल्या. वीज घेणाऱ्याचे भले झाले. ठेकेदार कंपनीचे झालेच असेल, हे कोणी सांगावे?

आता पडलेल्या कंपन्यांची उदाहरणे पाहा. यातल्या एकीनेही रद्दी विकलेली नव्हती.

अमेरिकेतली ए-१२३ सिस्टिम्स ही कंपनी नामांकित विद्यापीठातल्या संशोधनातून उभी राहिली होती. सरकारने तिला सुमारे २५ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. २००९ मध्ये तिचे शेअर वाजतगाजत बाजारात आले. ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले.

अमेरिकेतलीच ॲक्विऑन ही कंपनी मिठाच्या पाण्यावर चालणारी निर्धोक बॅटरी बनवत होती. बिल गेट्स यांनीही तिच्यात पैसा घातला होता. मार्च २०१७ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. लिथियम इतके झपाट्याने स्वस्त झाले की तिच्या बॅटरीला गिऱ्हाईक उरले नाही.

स्वीडनची नॉर्थव्होल्ट ही तर साऱ्या युरोपची आशा होती. मोठमोठ्या मोटार कंपन्यांनी आणि बँकांनी तिला अब्जावधी डॉलर दिले. पण कारखान्यातून चांगला माल वेळेवर निघेना. मार्च २०२५ मध्ये तिनेही दिवाळे काढले.

आणि सोडियमच्या बॅटरीत आघाडीवर मानली गेलेली अमेरिकेतली नेट्रॉन ही कंपनी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली. २०२२ मध्ये लिथियमचे भाव आभाळाला भिडले होते, तेव्हा सोडियमचे आकर्षण मोठे होते. पुढच्या दोन वर्षांत लिथियम गडगडले आणि सोडियमचा स्वस्तपणा झाकोळला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. चीनमधली सीएटीएल ही कंपनी २०११ मध्ये निघाली आणि आज जगातली सर्वांत मोठी बॅटरी कंपनी आहे. पण निघतानाच कोणती कंपनी सीएटीएल होणार आणि कोणती नॉर्थव्होल्ट, हे बिल गेट्सना आणि मोठ्या बँकांना ओळखता आले नाही. मग मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहून आपल्याला ते कसे ओळखता येईल?

आपल्या बाजारातले उदाहरण ताजे आहे. विजेच्या स्कूटर आणि बॅटरीचे सेल बनवणाऱ्या ओला इलेक्ट्रिकचा शेअर ऑगस्ट २०२४ मध्ये ७६ रुपयांना विक्रीला आला. त्याच महिन्यात तो १५७ रुपयांपर्यंत चढला. तेव्हा सगळीकडे एकच गलका झाला. त्या गलक्यात ज्याने १५० रुपयांनी एक लाखाचे शेअर घेतले, त्याचे जुलै २०२५ मध्ये तेहतीस हजारही उरले नव्हते, कारण भाव ५० च्या खाली गेला होता. तेहतीस हजारांचे पुन्हा एक लाख व्हायचे तर भाव तिप्पट व्हावा लागतो. घसरायला एक वर्षही लागत नाही, चढायला किती लागेल याचा नेम नाही.

सरकारने मदत जाहीर केली म्हणजे धंदा चालणारच, हाही भ्रम आहे. देशात आधुनिक बॅटरी बनावी म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये १८ हजार १०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. हेतू चांगला होता. पण कारखाने ठरलेल्या मुदतीच्या बरेच मागे पडले. अनुदानाची बातमी वाचून शेअर घेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे.

दामदुप्पटवाले

आतापर्यंत खऱ्या कंपन्यांबद्दल बोललो. खोट्या कंपन्यांचे दुखणे वेगळे आणि आपल्या वस्त्यांना तेच अधिक नडते. नवी वस्तू आली, की तिच्या नावाने फसवणारेही येतात. १९९० च्या दशकात सागवानाची झाडे होती. नंतर इमू पक्षी आले. २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्या आल्या. झाड खरे होते, पक्षी खरा होता, कोंबडीही खरी होती. खोटा होता तो परताव्याचा वायदा.

बॅटरीच्या नावानेही हे होऊन गेले आहे. २०२१ मध्ये 'पॉवर बँक' नावाचे एक ॲप मोबाइलवर फिरत होते. झटपट चार्जिंगचे तंत्र बनवणारी बंगळूरची कंपनी असा त्याचा बुरखा होता. थोड्याच दिवसांत पैसे दुप्पट, असे आमिष. सुरुवातीला थोडे पैसे खरोखर परत मिळत. मग लोक आणखी भरत, भावाला सांगत, मेहुण्याला सांगत. आणि एक दिवस खाते बंद. दिल्ली पोलिसांनी तपास केला तेव्हा दोन महिन्यांत पाच लाखांवर माणसे आणि दीडशे कोटींवर रुपये या जाळ्यात सापडल्याचे उघड झाले. ते ॲप चालवणारा सर्व्हर चीनमध्ये होता. बॅटरी कुठेच नव्हती.

म्हणून कोणी बॅटरीची, सोलरची किंवा चार्जिंग स्टेशनची योजना घेऊन दारात आला, तर पुढील गोष्टी पाहा.

एक. ठरावीक आणि मोठा परतावा 'नक्की' देतो म्हणाला, तर तिथेच हात जोडा. शेअरमध्ये किंवा म्युच्युअल फंडात नफ्याची हमी कोणी देऊ शकत नाही.

दोन. सेबीकडे नोंदणी आहे का ते विचारा. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि सेबीच्या वेबसाइटवर स्वतः पडताळा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला पाच मिनिटांत ते जमेल. कंपनी सरकारदरबारी नोंदलेली असणे निराळे आणि लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी असणे निराळे.

तीन. आणखी चार माणसे आणली तर कमिशन मिळेल असे म्हटले, तर समजा की बॅटरी नव्हे, माणसेच विकली जात आहेत.

चार. पैसे एखाद्या माणसाच्या खासगी खात्यावर किंवा रोख मागितले तर देऊ नका.

परवानगीशिवाय ठेवी गोळा करण्यास २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. मोबाइलवरून फसवणूक झाली तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. आणि योजना आणणारा आपल्याच समाजातला आहे, निळा झेंडा घेऊन मोर्चात असतो, एवढ्यावर विश्वास टाकू नका. कालाम लोकांना तथागतांनी हेच शिकवले: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा गुरू आहे म्हणून काहीही मान्य करू नका, स्वतः पारखा आणि हिताचे असेल तरच स्वीकारा.

तथागतांनी सांगितलेला हिशेब

बुद्धांनी पैशाबद्दल काही सांगितले नाही, असे काहींना वाटते. ते खरे नाही. कोलिय कुळातल्या दीघजाणूने त्यांना विचारले, की आम्ही संसारी माणसे, आम्ही सुखी कसे व्हावे? तथागतांनी चार गोष्टी सांगितल्या. उद्योग करून मिळवणे, मिळवलेले राखणे, चांगल्यांची संगत धरणे आणि मिळकतीच्या मानाने खर्च ठेवणे. मिळवलेले राखणे, म्हणजे आरक्खसंपदा, हा आपल्या आजच्या विषयाचा गाभा. तळ्याचा दाखलाही त्यांनी दिला. तळ्यात पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्या आणि जाण्याच्या वाटा उघड्या राहिल्या, तर तळे आटते. जाण्याच्या वाटांमध्ये जुगार ही एक वाट त्यांनी मोजली आहे. न समजता, ऐकीव माहितीवर लावलेला पैसा जुगारात जमा होतो, मग तो डिमॅट खात्यातून लावलेला का असेना.

सिगाल नावाच्या तरुणाला त्यांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग धंद्यासाठी आणि चौथा आपत्काळासाठी राखीव. आजच्या कष्टकरी कुटुंबाने त्याचा क्रम असा लावावा.

पहिले, कर्ज. खासगी सावकाराचे किंवा कोणत्याही गटाचे महिना तीन टक्क्यांचे कर्ज असेल, तर वर्षाला छत्तीस टक्के व्याज झाले. ते फेडणे म्हणजे छत्तीस टक्क्यांची खात्रीची कमाई. जगातली कुठलीही बॅटरी कंपनी हे देण्याची हमी घेणार नाही.

दुसरे, अडचणीची रक्कम. चार-सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत किंवा पोस्टात हाताशी हवा. आजारपण विचारून येत नाही.

तिसरे, विमा. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा सरकारी जीवनविमा आणि २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा बँक खात्यावरून मिळतो. तो कमावत्या माणसाचा आधी उतरवा.

चौथे, पीएफ. नोकरीत असताना तो मध्येच काढू नका. २०२४-२५ सालासाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळाले. रात्री झोप लागू देणारा हा पैसा आहे.

पाचवे, मुलांचे शिक्षण. यावर वेगळे सांगायची गरज नाही.

हे सर्व झाल्यावर जे उरेल, त्यातलाच लहानसा भाग बाजारात लावावा. तोही एका बॅटरी कंपनीत नको. अनेक कंपन्यांत पैसा विभागणाऱ्या साध्या म्युच्युअल फंडात महिन्याला पाचशे रुपये पुरेत. देशातल्या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकावर चालणारा फंड घेतला, की बॅटरीचा धंदा खरोखर वाढून त्यातली एखादी कंपनी मोठी झाली, तर ती आपोआप त्यात येते. बुडाली तर तिच्याबरोबर आपले घर बुडत नाही. केवळ विजेच्या गाड्यांचे किंवा नव्या ऊर्जेचे म्हणून जे खास फंड निघतात, ते वर जातात तेव्हा सगळे एकदम वर आणि खाली येतात तेव्हा एकदम खाली. ज्याला पाच-सात वर्षे त्या पैशाकडे पाहावे लागणार नाही, त्यानेच त्या वाटेला जावे. निवृत्तीची रक्कम घेऊन तर मुळीच नको.

हाताला काम देणारी गुंतवणूक

मग बॅटरीच्या युगाचा आपल्याला काहीच लाभ नाही का? आहे, आणि मोठा आहे. वस्तू स्वस्त होते तेव्हा लाभ वापरणाऱ्याला मिळतो, हे वर पाहिले. म्हणून आपण वापरणारे आणि दुरुस्त करणारे व्हावे.

ई-रिक्षा चालवणाऱ्या भावाने ॲसिडची बॅटरी आणि लिथियमची बॅटरी यांचा हिशेब कागदावर मांडावा. ॲसिडची बॅटरी घेताना स्वस्त, पण रोजच्या रपेटीत साधारण वर्ष-दीड वर्षात बदलावी लागते. लिथियमची महाग, पण कित्येक वर्षे टिकते, वजनाने हलकी आणि चार्जही लवकर होते. पाच वर्षांचा मिळून खर्च काढा. लेखी वॉरंटी आणि पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जी बॅटरी आपल्या रोजच्या कमाईत भर घालते, तीच आपली खरी बॅटरीतली गुंतवणूक.

दुसरी गुंतवणूक शिक्षणाची. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. सौरपट्ट्या बसवणे, इन्व्हर्टर जोडणे, विजेच्या गाड्यांची दुरुस्ती, चार्जिंग केंद्राची देखभाल, या कामांना पुढे माणसे लागणारच. कोणती कंपनी जगली आणि कोणती मेली, याने कारागिराचे काम अडत नाही. लिथियम जाऊन सोडियम आले तरी तार जोडणारा हात लागतोच. हे शिक्षण मुलांइतकेच मुलींनाही द्या. धंदा सुरू करायचा असेल, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी १९७८ पासून काम करणाऱ्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन त्या वेळी चालू असलेल्या कर्ज योजनांची चौकशी करा.

एक धोक्याची सूचना. जुन्या ॲसिडच्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याचे काम पुष्कळ ठिकाणी झोपडपट्टीच्या कडेला, उघड्यावर चालते. हे काम कोणाच्या वाट्याला येते, ते आपल्याला ठाऊक आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. ते कपड्यांवरून, हातांवरून घरात येते. चार पैसे जास्त मिळतात म्हणून हे काम घरात आणू नका. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. विषाचा व्यापार उपासकाने करू नये, असे तथागतांनी सांगितले आहे. मग विष आपल्या लेकरांना पाजणारे काम तरी कसे पत्करावे? ज्याला पुढे कधी शेअर घ्यायचे आहेत, त्यानेही ही नजर ठेवावी. काही लिथियम बॅटऱ्यांना कोबाल्ट लागते. जगातले बहुतेक कोबाल्ट काँगो देशातून येते आणि तिथल्या खाणींत लहान मुलेही राबलेली आहेत. नफा कोणाच्या घामातून येतो, हा प्रश्न आपण नाही विचारायचा तर कोणी?

घरात बोलून ठरवा

शेवटी एक विनंती. पैसा गुंतवण्याचा निर्णय एकट्या पुरुषाने, मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नये. जेवणे झाल्यावर सगळ्यांनी बसावे. घरची बाई काटकसरीने संसार चालवते. तिला पैशाची पारख नाही असे कोण म्हणेल? तिचे नाव खात्यावर असू द्या, वारसाचे नाव प्रत्येक कागदावर लिहिलेले असू द्या. कोणी योजना सुचवली तर त्या माणसाला सर्वांसमोर तीन प्रश्न विचारा: यात पैसा कसा मिळतो, तो बुडू शकतो का, आणि बुडाला तर कोणाकडे दाद मागायची? तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर चहा पाजून निरोप द्या.

विहारात वर्षावासाच्या काळात प्रवचनाला माणसे जमतात. त्यातला एक रविवार या विषयाला द्यावा. बँकेत किंवा पोस्टात नोकरी करणारा, आयटीआयमध्ये शिकवणारा एखादा कार्यकर्ता जवळपास असतोच. त्याला बोलवावे, आणि ज्यांच्या घरी यंदा निवृत्तीचे पैसे यायचे आहेत त्यांना आग्रहाने पुढे बसवावे.

जयभीम!